कमी धक्क्याची काडतुसे: छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी काय निवडावे?

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतात. रिव्हॉल्व्हर छोटे आहे, हाताला धक्का सोसत नाही आणि तरीही स्वसंरक्षणाला भरवशाचे काडतूस हवे आहे. म्हणून हा भाग त्याच विषयाला दिला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: माझ्याकडे .३८ स्पेशलचे, दोन इंची बॅरलचे, पाच गोळ्यांचे अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचे रिव्हॉल्व्हर आहे. अंगठ्याच्या बुडाशी संधिवात आहे. +पी म्हणजे वाढीव दाबाच्या हॉलो पॉइंटच्या (टोकाला पोकळी असलेली, लागल्यावर फुलणारी गोळी) दहा गोळ्या झाडल्या की हात दुखू लागतो आणि नंतरच्या गोळ्या कुठेही जातात. विक्रेता म्हणतो, याहून सौम्य काडतूस म्हणजे खेळणे. त्याचे ऐकावे का?

ऐकू नये. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: नंतरच्या गोळ्या कुठेही जातात. नेमावर न लागलेली गोळी किती जोरदार होती याला काही अर्थ नाही. शिवाय ती भिंतीपलीकडे कोणाला लागेल याची जबाबदारी तुमचीच.

धक्क्याचा हिशेब पाहू. गोळीचे वजन गुणिले तिचा वेग, अधिक बॅरलमधून सुटणाऱ्या वायूचा रेटा, ही मागे ढकलणारी बाजू. ती अडवायला असते शस्त्राचे स्वतःचे वजन. तुमचे रिव्हॉल्व्हर साधारण ४२५ ग्रॅमचे असणार. त्यात १५८ ग्रेनचे (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) +पी काडतूस झाडले तर धक्क्याची ऊर्जा सुमारे १० जूल येते. ११० ग्रेनच्या साध्या दाबाच्या हॉलो पॉइंटची सुमारे साडेसहा. १४८ ग्रेनच्या टार्गेट वॉडकटरची (नेमबाजीची सपाट तोंडाची गोळी) मात्र सुमारे ५, म्हणजे निम्मी. हीच काडतुसे ६०० ग्रॅमच्या पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये घातली की आकडे अनुक्रमे ७, साडेचार आणि पावणेचारच्या आसपास उतरतात. गंमत अशी की +पी गोळी पोलादी फ्रेममधून झाडली तरी ती हलक्या फ्रेममधल्या वॉडकटरपेक्षा जास्त धक्का देते. खिशात हलके वाटणारे शस्त्र हातात जड जाते ते असे.

म्हणून सुरुवात साध्या दाबाच्या १४८ ग्रेन वॉडकटरपासून करा. खरेदी करताना एक खबरदारी घ्या. बॉक्सवर वॉडकटर लिहिले म्हणजे ते सौम्यच असते असे नाही. काही उत्पादक कठीण मिश्रधातूची, सेकंदाला ८५० फुटांच्या आसपास जाणारी वॉडकटरही विकतात. तुम्हाला हवे आहे ते नेमबाजीच्या स्पर्धेचे मऊ शिशाचे काडतूस, ज्याचा वेग बॉक्सवर साधारण ७०० फूट दिलेला असतो.

काडतूस बदलण्याआधी किंवा त्याच्याबरोबर ग्रिपही तपासा. छोट्या रिव्हॉल्व्हरच्या मूळ ग्रिपमध्ये फ्रेमचा मागचा धातू उघडा असतो आणि तो अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या खळग्यावर आदळतो. मागचा धातू झाकणारी रबरी ग्रिप लावली की तोच धक्का रुंद जागेवर पसरतो. करंगळीलाही जागा मिळाली तर नळी कमी उसळते. मधल्या बोटाच्या पेराला ट्रिगर गार्ड लागत असेल तर गार्डच्या मागची पोकळी भरणारी ग्रिप घ्या. संधिवात असलेल्यांना काडतुसाइतकाच फरक यातून पडतो. लपवून बाळगायला ग्रिप थोडी मोठी होते, ते सोसावे.

प्रश्न: वॉडकटर तर कागदी टार्गेटसाठी असते. ते फुलत नाही. मग स्वसंरक्षणाला कसे चालेल?

ते कागदासाठीच बनले, हे खरे. त्याचे तोंड सपाट असते, त्यामुळे कागदात गोल, स्वच्छ भोक पडते आणि गुण मोजायला सोपे जाते. पण त्याच सपाट तोंडामुळे ते शरीरातही कापत जाते. गोल नाकाची गोळी ऊती बाजूला सारून निघून जाते.

स्वसंरक्षणाच्या काडतुसाला पहिली कसोटी खोलीची आहे. अमेरिकेच्या एफबीआयने १९८६ च्या मियामीतील चकमकीनंतर जी चाचणीपद्धत बसवली, तिच्यात १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच जावी आणि १८ इंचांच्या फार पुढे जाऊ नये असे धरतात. हात आडवा आला, अंगावर जाड कपडे असले, गोळी तिरकी लागली, तरी महत्त्वाच्या अवयवांपर्यंत पोहोचावी म्हणून हे १२ इंच. फुलणे ही त्यानंतरची गोष्ट.

आता दोन इंची बॅरलची अडचण पाहा. कारखाने वेग बहुधा चार इंची किंवा त्याहून लांब बॅरलमधून मोजतात. दोन इंचीत सेकंदाला ५० ते १५० फूट सहज कमी होतात. हॉलो पॉइंट फुलायला वेग लागतो. तो कमी पडला किंवा पोकळीत कपड्याचे तंतू बसले, की गोळी न फुलता साध्या गोळीसारखी जाते. उलट ती हलकी असून पटकन फुलली तर दहा इंचांतच थांबते. या दोन्ही चुका टाळणारी हॉलो पॉइंट आहेत, पण त्यांतली बरीचशी +पी असतात आणि तिथे आपण पुन्हा दुखऱ्या हाताशी येतो. वॉडकटरला फुलायचेच नसल्यामुळे कपडा, वेग, बॅरलची लांबी यांचा त्याला फार फरक पडत नाही. छोट्या बॅरलमधूनही ते साधारणपणे १२ इंचांच्या पुढे जाते आणि पूर्ण .३५७ इंचाचे भोक पाडते. उत्तम पर्याय नाही, पण फसवणारा पर्यायही नाही.

मधला मार्ग हवा असेल तर साध्या दाबाची, छोट्या बॅरलसाठी बनवलेली हॉलो पॉइंट शोधा. हॉर्नाडीच्या क्रिटिकल डिफेन्समध्ये ११० ग्रेनच्या गोळीच्या पोकळीत मऊ पॉलिमरचे टोक बसवलेले असते, ते कपडा आत अडकू देत नाही. स्पीअरची १३५ ग्रेनची गोल्ड डॉट खास छोट्या बॅरलसाठी आहे आणि तिचे नाव चांगले आहे, मात्र ती +पी आहे. हाताला चालत असेल तरच घ्या. तुमच्याकडच्या कायद्यात हॉलो पॉइंट नागरिकांना चालते का, हे आधी पाहा.

प्रश्न: गोळी जितकी हलकी तितका धक्का कमी, हे बरोबर आहे ना? मग सर्वांत हलकी का घेऊ नये?

अर्धेच बरोबर. हलकी गोळी बहुतेक वेळा वेगाने सोडलेली असते, त्यासाठी दारू जास्त लागते आणि त्या दारूच्या वायूचाही धक्का असतो. म्हणूनच वरच्या हिशेबात ११० ग्रेनची गोळी १४८ ग्रेनच्या वॉडकटरपेक्षा जास्त धक्का देते. झटका तीक्ष्ण लागतो, आवाज आणि लखलखाटही वाढतो.

हॉर्नाडीची ९० ग्रेनची लाइट आवृत्ती खरोखर सौम्य आहे आणि ज्यांना दुसरे काहीच झेपत नाही त्यांच्यासाठी ती ठीक आहे. पण इतकी हलकी गोळी फुलली की तिच्यात पुढे जायला वस्तुमान उरत नाही, खोली १२ इंचांच्या आत राहू शकते. ५०-६० ग्रेनच्या अतिवेगवान गोळ्यांच्या जाहिराती येतात, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहू नका. पाकिटावरचा वाघ पाहून काडतूस निवडू नये.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. .३८ च्या छोट्या रिव्हॉल्व्हरच्या पक्क्या साइट, म्हणजे नेम धरायच्या न सरकणाऱ्या खुणा, बहुधा १५८ ग्रेनच्या आसपासच्या गोळीला जुळवलेल्या असतात. गोळी बॅरलमध्ये असतानाच नळी वर उठू लागते. हलकी, वेगवान गोळी लवकर बाहेर पडते, म्हणून ती खाली लागते. जड, संथ गोळी वर लागते. सात मीटरवर हा फरक थोडाच असतो, पण पंधरा-वीस मीटरवर सरळ दिसू लागतो. पक्की साइट घासून जुळवण्यापेक्षा काडतूस बदलणे स्वस्त.

प्रश्न: माझे रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नम आहे. त्यात .३८ स्पेशल घातले तर चालेल का?

चालेल, आणि घालावेच. हलक्या फ्रेममध्ये १२५ ग्रेनच्या मॅग्नमचा धक्का २० जूलच्या घरात जातो, वर बंद खोलीत कान आणि डोळे काही काळ निकामी होतात ते वेगळेच.

.३८ ची केस (काडतुसाचे पितळी नळकांडे) .३५७ च्या केसपेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटरने आखूड असते. त्यामुळे चेंबरमध्ये तिच्या तोंडापुढे काजळी आणि शिशाचे कडे जमते. शेकडो .३८ झाडल्यावर लांब मॅग्नम काडतूस आत जाताना अडते किंवा रिकामी केस निघत नाही. प्रत्येक सरावानंतर ब्राँझच्या ब्रशला सॉल्व्हेंट लावून प्रत्येक चेंबर दहा-बारा वेळा घासा. उलटे कधीही करू नका: .३८ च्या शस्त्रात .३५७ जात नाही आणि जाऊ लागले तर ते शस्त्र कोणी तरी बिघडवलेले आहे.

प्रश्न: वडिलांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर नुसते .३८ असे कोरलेले आहे. सौम्य .३८ स्पेशल त्यात वापरू का?

शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून चेंबर मोजून घेतल्याशिवाय नाही. .३८ एस अँड डब्ल्यू हे वेगळे, जुने काडतूस आहे. त्याची केस आखूड आणि जाड, गोळीही किंचित जाड. काही जुनी रिव्हॉल्व्हरे नंतर आतून कातून .३८ स्पेशल बसेल अशी केलेली असतात. त्यांत केस फुगते किंवा फाटते. आणि शस्त्र .३८ स्पेशलचेच निघाले तरी निर्मात्याने +पी चालते असे म्हटले नसेल तर +पी घालू नये. साध्या .३८ स्पेशलची दाबमर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड, +पीची २०,०००.

प्रश्न: आईसाठी पहिलेच रिव्हॉल्व्हर घ्यायचे आहे. तिच्या हातात जोर कमी आहे. .३८ ऐवजी .३२ घेतले तर?

अजून घेतलेले नसेल तर हा विचार चांगला आहे. .३२ ला उगाच कमी लेखतात.

या घराण्यात तीन काडतुसे महत्त्वाची. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग १८९६ चे, .३२ एच अँड आर मॅग्नम १९८४ चे आणि .३२७ फेडरल मॅग्नम २००७ चे. .३२७ च्या चेंबरमध्ये तिन्ही चालतात, एच अँड आरमध्ये पहिली दोन, लाँगमध्ये फक्त लाँग. म्हणजे .३२७ चे रिव्हॉल्व्हर घेतले तर लाँगवर शिकता येते आणि एच अँड आर भरून ठेवता येते. .३२७ स्वतः मात्र ४५,००० पौंड दाबाचे आहे, त्याचा आवाज आणि झटका मॅग्नमला शोभेसाच. ते आईंच्या हातात देऊ नका.

एच अँड आर मॅग्नमची ८५ ग्रेनची गोळी ६०० ग्रॅमच्या शस्त्रातून झाडली तर धक्का पावणेतीन जूलच्या आसपास, म्हणजे त्याच वजनाच्या शस्त्रातल्या .३८ वॉडकटरपेक्षाही कमी. आणि ज्या फ्रेममध्ये .३८ च्या पाच बसतात तिच्यात .३२ च्या सहा. लाँगमध्ये स्वसंरक्षणासाठी निवडायचे तर गोल नाकाच्या शिशाच्या गोळीपेक्षा वॉडकटर बरे. कारण वर दिले आहेच.

दोन सावधगिरी. .३२ ची चांगली काडतुसे सगळीकडे आणि नेहमी मिळत नाहीत, तेव्हा आधी काडतुसांचा पुरवठा पाहा, मग शस्त्र घ्या. दुसरी: .३२ एसीपी हे पिस्तुलाचे काडतूस काही .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये बसते, म्हणून कोणी घालायला सुचवेल. त्याची दाबमर्यादा २०,५०० पौंड, लाँगची १५,०००. बसते म्हणून घालू नये.

शेवटी ट्रिगर. हातात जोर नसलेल्या व्यक्तीला धक्क्याआधी ट्रिगर अडवतो. डबल अ‍ॅक्शनमध्ये (एकाच ओढीत घोडा मागे जाऊन सुटतो तेव्हा) साडेचार-पाच किलोची ओढ असते. रिकाम्या शस्त्रात स्नॅप कॅप (सरावाचे नकली काडतूस) घालून आईंना सलग दहा वेळा ओढायला सांगा. नळी न हलवता ते जमत असेल तरच पुढचा विचार.

प्रश्न: मग सरळ .२२ का नको? धक्का जवळजवळ नाहीच.

धक्का नाही हे खरे. पण .२२ हे रिमफायर काडतूस आहे. त्यात प्रायमरचे, म्हणजे ठिणगी पाडणारे, मिश्रण केसच्या कडेत पसरवलेले असते. ते कुठे कमी बसले आणि तिथेच पिन आदळली, की काडतूस फुटत नाही. ही खात्री वाढावी म्हणून रिमफायर रिव्हॉल्व्हरच्या स्प्रिंगा कडक असतात आणि ट्रिगर सेंटरफायरपेक्षाही (ज्यात प्रायमर बुडाच्या मध्यभागी असतो) जड लागतो. म्हणजे ज्याच्यासाठी .२२ घ्यायचे, त्यालाच तो ओढवत नाही.

बोटात जोर आहे पण मनगट धक्का सोसत नाही, अशांसाठी .२२ योग्य. मग आठ-दहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर घ्या आणि छोट्या बॅरलसाठी बनवलेलेच काडतूस वापरा. यात पोकळ टोक शोधू नये. इतक्या छोट्या गोळीत खोलीच राखायची असते. काडतूस फुटले नाही तर प्रत्यक्ष प्रसंगी ट्रिगर पुन्हा ओढायचा, पुढचे काडतूस समोर येते. सरावात मात्र नळी टार्गेटकडे ठेवून तीस सेकंद थांबा; काही काडतुसे उशिरा फुटतात.

प्रश्न: हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये चौथ्या गोळीनंतर सिलिंडर फिरेना आणि उघडेनाही. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, एक गोळी केसमधून पुढे आली होती. हे कसे होते?

धक्क्याने शस्त्र झटकन मागे येते. केसच्या कडेला धरून सिलिंडर केसला मागे ओढतो, पण आतली गोळी जडत्वामुळे जागीच राहू पाहते. केसचे तोंड गोळीवर घट्ट दाबलेले नसेल तर दर गोळीगणिक ती थोडी थोडी बाहेर येते आणि शेवटी सिलिंडरच्या पुढे डोकावून फ्रेमला अडते. शस्त्र जितके हलके, गोळी जितकी जड आणि काडतूस जितके जोरदार, तितका हा धोका मोठा. ट्रिगर पुन्हा ओढून हे सुटत नाही. कमी धक्क्याचे काडतूस निवडायला हे एकटे कारणही पुरेसे आहे.

तपासणी सोपी आहे. पाच काडतुसांपैकी एकाच्या बुडावर मार्करने खूण करा आणि व्हर्नियर कॅलिपरने त्याची पूर्ण लांबी लिहून ठेवा. ते असे भरा की शेवटी येईल. चार झाडा, पाचवे काढून मोजा. तेच पुन्हा शेवटी ठेवून आणखी चार झाडा, पुन्हा मोजा. लांबी ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढली तर ते काडतूस त्या शस्त्रासाठी नाही. इतर कोणाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते उत्तम चालत असेल, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. मोजलेले काडतूस भरून ठेवण्यासाठी वापरू नका, सरावात संपवा.

प्रश्न: वॉडकटर घाईत भरता येत नाही. स्पीडलोडर (सगळी काडतुसे एकदम भरण्याचे साधन) चेंबरच्या कडेला अडतो.

अडणारच. गोळी केसच्या तोंडाशी सपाट बसवलेली असते, चेंबरमध्ये शिरायला निमुळते टोक नाही. उपाय जुना आहे: सिलिंडरमध्ये वॉडकटर आणि स्पीडलोडरमध्ये साध्या दाबाची निमुळती किंवा हॉलो पॉइंट गोळी. अट एवढीच की दोन्ही सात मीटरवर एकाच जागी लागत असावीत. स्पीड स्ट्रिपने (काडतुसे ओळीत धरणारी पट्टी) दोन-दोन भरणे वॉडकटरला त्यातल्या त्यात सोपे जाते.

छोट्या रिव्हॉल्व्हरचा एजेक्टर आखूड असतो, तो केस पूर्ण बाहेर ढकलत नाही. नळी आकाशाकडे करून एजेक्टरवर एकदाच, जोरात तळहात मारा. हळूहळू दाबले तर केस ताऱ्याखाली (एजेक्टरच्या ताऱ्याच्या आकाराच्या टोकाखाली) अडकते. सौम्य काडतुसांत दारू पूर्ण जळत नाही, तिचे कण त्याच ताऱ्याखाली साचतात आणि सिलिंडर बंद होताना घट्ट लागतो. खिशात जुना टूथब्रश ठेवा.

प्रश्न: घरीच काडतूस भरतो. दारू थोडी कमी टाकली की झाले, नाही का?

नाही. .३८ ची केस काळ्या दारूच्या काळातली, आतून प्रशस्त आहे. छापील किमान मापाच्या खाली गेलात तर दारू केसच्या कोणत्या टोकाला सांडली आहे यावर दाब बदलतो. तांब्याच्या जॅकेटची गोळी तर बॅरलमध्येच अडकून बसते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळून बॅरल फुगते. आवाज दबका आला आणि धक्का लागलाच नाही, तर तिथेच थांबा. शस्त्र रिकामे करा, बॅरलमधून उजेड दिसतो का ते पाहा. सरावासाठी घरचे ठीक, भरून ठेवण्यासाठी कारखान्याचेच घ्या.

प्रश्न: काडतूस निवडले. आता त्यावर विश्वास ठेवण्याआधी किती झाडून पाहावे?

तीन वेगवेगळ्या काडतुसांचा एक-एक बॉक्स आणा. पाच मीटरवर १५ सेंटिमीटरचे वर्तुळ लावा. प्रत्येकाच्या पाच गोळ्या, डबल अ‍ॅक्शनमध्ये, टायमरवर. जे काडतूस पाचही वर्तुळात ठेवून सर्वांत कमी वेळ घेते ते तुमचे. क्रम बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. थकलेला हात शेवटच्या काडतुसाला नापास करतो. मग निवडलेल्याच्या पन्नास गोळ्या बिनतक्रार गेल्या पाहिजेत. कान आणि डोळ्यांचे संरक्षण प्रत्येक वेळी, .३८ चा आवाजही १५० डेसिबलच्या वर असतो.

भरून ठेवण्याआधी प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवा. प्रायमर किंचित आत किंवा समपातळीत असावा. वर आलेला प्रायमर सिलिंडर अडवतो. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरबाहेर ठेवून प्रत्येक काडतूस चेंबरमध्ये टाका. ते स्वतःच्या वजनाने आत गेले पाहिजे. चेंबर कोरडे पुसलेले असावेत. पाझरणारे तेल प्रायमरमध्ये शिरले की काडतूस मरते, आणि बाहेरून काही कळत नाही. खिशात बाळगलेली काडतुसे वर्षातून एकदा सरावात संपवून नवी भरा. घामट हवेत राहत असाल तर सहा महिन्यांनी.